उसनी आठवण

झुंजघराच्या खाटेवर वैजयंता सोनटक्के शुद्धीवर आली, तेव्हा तिच्या ओठांची सालं निघाली होती आणि हातात चमचा धरायचंही बळ उरलं नव्हतं. काचेपलीकडे डॉक्टर शर्वरी नाडकर्णी मात्र हसत उभ्या होत्या.

"जिंकलात वैजयंताताई! ताप हरला."

तांबडा ताप दर वर्षी नवं रूप घेऊन यायचा. लस तयार होईपर्यंत तो बदललेला असायचा, त्यामुळे लस वाया जायची. उपयोगी पडायची ती एकच गोष्ट, तापाशी झुंजून उठलेल्या शरीराची आठवण. आपल्या रक्तात काही पेशी अशा असतात, की एकदा भेटलेला शत्रू त्या विसरत नाहीत. तो पुन्हा आला की त्याला दारातच गाठतात. त्या स्मृतिपेशी. टेकडीवरच्या शहरातल्या शास्त्रज्ञांनी या पेशी एका शरीरातून काढून दुसऱ्या शरीरात रुजवण्याची विद्या शोधून काढली, आणि मग झुंजायचं कुणी अन् आठवण ठेवायची कुणी, याची वाटणी व्हायला वेळ लागला नाही. नदीकाठच्या वस्तीतली धडधाकट माणसं झुंजघरात यायची. त्यांना मुद्दाम ताप दिला जायचा. जी जगायची, त्यांच्या पेशी वरच्या माणसांच्या अंगात जायच्या.

झुंजणाऱ्याच्या घराला पक्की खोली आणि नळ मिळे. वैजयंताचा भाऊ पत्र्याखाली राहत होता आणि वहिनीला, मंगलला, दिवस गेले होते. म्हणून वैजयंता आली होती.

"आता हा ताप मला परत यायचा नाही ना?" तिनं विचारलं.

डॉक्टरांचं हसू जरा ओसरलं. "उद्या पेशी काढल्या की... येऊ शकतो. सगळ्याच काढाव्या लागतात, ताई. तसं करारात आहे."

"म्हणजे मरता मरता वाचले मी, आणि वाचणार दुसरंच कुणीतरी?"

"तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सुई त्यांनीच लावली.

वैजयंता घरी आली. पक्क्या खोलीत नळाला पाणी येत होतं. मंगलनं तिला बाजरीची भाकरी आणि गरम पिठलं वाढलं, आणि ती जेवत असताना समोर बसून पोटातल्या बाळाची नावं सुचवत राहिली. "मुलगी झाली तर तुमचंच नाव ठेवणार, वन्सं." वैजयंता म्हणाली, "नको गं बाई, एवढं लांबलचक. हाक मारता मारता पोर पळून जाईल."

आठवडाभरात वस्तीत ताप शिरला. मंगल अंथरुणाला खिळली, आणि वैजयंता तिच्या उशाशी बसली. ओल्या फडक्यानं अंग पुसताना तिला स्वतःच्या अंगात तीच जुनी कणकण जाणवली. तोच ताप होता. ज्याला तिच्या शरीरानं एकदा लोळवलं होतं, त्याला ते आता ओळखतसुद्धा नव्हतं. नणंद-भावजय शेजारीशेजारी तापानं फणफणत पडल्या. वैजयंता दुसऱ्यांदा उठली. मंगल उठली नाही, आणि बाळही तिच्याबरोबर गेलं.

मंगलचे दिवस घालून झाले त्याच आठवड्यात डॉक्टर नाडकर्णी दारात उभ्या राहिल्या. तोंडाला मुखपट्टी न लावता, बिनधास्त. त्यांच्या अंगातही कुणाची तरी आठवण होतीच.

"एकाच तापाला दोनदा हरवणारं शरीर आम्ही पाहिलेलं नाही. या पेशी फार मोलाच्या आहेत. तुम्ही चला."

वैजयंतानं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "एक सांगा. त्या दिवशी थोड्या पेशी माझ्यात ठेवल्या असत्या, तर वर काही कमी पडलं असतं?"

"नाही. चिमूटभर पुरतात. त्या आम्ही प्रयोगशाळेत हव्या तेवढ्या वाढवू शकतो."

"हव्या तेवढ्या? मग वस्तीला का देत नाही?"

"मी मांडलं होतं, शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे. दिल्या तर दोन वर्षांत ताप कायमचा जाईल, असंही सांगितलं. ते म्हणाले, मग फाटक कशासाठी ठेवायचं?"

टेकडीच्या पायथ्याशी फाटक होतं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तिथलं यंत्र स्मृतिपेशी शोधायचं. सापडल्या तर हिरवा दिवा, नाहीतर तांबडा. तांबड्या दिव्याची माणसं हवाबंद पोशाख घालून धुण्याभांड्याला वर जायची आणि काम संपताच खाली यायची. तापाची भीती म्हणून नियम, असं सगळे धरून चालले होते. वैजयंतासुद्धा.

"माझी मंगल फाटकासाठी मेली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण डॉक्टर एक पाऊल मागे सरल्या. "तुमच्या अंगात कुणाची आठवण आहे, बाई? नाव सांगा."

"ते... आम्हाला कळवत नाहीत."

"तुम्ही विचारलंत कधी?"

डॉक्टर जायला वळल्या.

"चला," वैजयंता उठली. "येते मी. पण पेशी द्यायला नाही. त्या मंडळाशी मला बोलायचंय. माझ्या अंगात आज आठवण आहे, दिवा हिरवाच लागेल."

दोघी फाटकापाशी गेल्या. पोशाख चढवून कामावर निघालेल्या बायांची रांग थबकून बघत राहिली. डॉक्टरांनी बोट पुढे केलं. हिरवा दिवा. वैजयंतानं केलं. हिरवा, अगदी तितकाच लख्ख हिरवा. दार सरकलं. डॉक्टर आत गेल्या, आणि वैजयंतानं पाय उचलताच रखवालदारानं काठी आडवी धरली. त्याच्या हातातला फोन वाजला होता, मंडळाकडून. तो ऐकत राहिला, मग ओशाळून म्हणाला, "ताई, वस्तीतल्या माणसाचा हिरवा धरायचा नाही म्हणतायत."

"अहो, पण तिच्यापासून कुणालाच धोका नाही!" डॉक्टर ओरडल्या. "माझ्यापेक्षा ती सुरक्षित आहे. विज्ञान असं सांगतं!"

फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला. "डॉक्टर, तुम्ही आत थांबताय की बाहेर?"

वैजयंता त्यांच्याकडे बघत राहिली. दोघींच्या मध्ये फक्त एक काठी होती. डॉक्टर बाहेर आल्या नाहीत. फाटकाच्या आतून वस्तीतल्या माणसासमोर उभं राहायचं तर तोंड झाकायचं, या नियमाप्रमाणे रखवालदारानं त्यांच्यापुढे एक मुखपट्टी धरली. जगात या बाईचा श्वास निर्धोक आहे हे सगळ्यात नीट ज्यांना ठाऊक होतं, त्या डॉक्टर शर्वरी नाडकर्णींनी ती घेतली, आणि वैजयंताच्या डोळ्यांदेखत नाकावर घट्ट बांधली.

वैजयंता रांगेकडे वळली. "काढा गं ते पोशाख," ती म्हणाली. "वरचे तापाला घाबरतच नव्हते."