कोमट कालव्यातला पैलवान

"पैलवान! अरे ए पैलवान! पाव आणलाय!" भोंग्याने कालव्याच्या काठावरून अशी हाळी दिली, की झाडावरचे कावळे उडाले.

"हळू रे! अख्ख्या गावाला जेवायला बोलावतोयस का?" चपळ म्हणून सगळे जिला खार म्हणत, ती मुलगी हसत म्हणाली. दुपारी ती बाबांबरोबर समुद्र बघायला निघणार होती. त्याआधी पैलवानाला खाऊ घालायला ती, तिच्या वर्गातला भोंगा आणि त्याची धाकटी बहीण टिकली अशी तिघं आली होती.

पैलवान म्हणजे एका डोळ्याने आंधळा, हातभर लांब मासा. हिवाळ्यात नदी गारठली की तो शेकडो माशांबरोबर वीज केंद्राच्या या कोमट कालव्यात यायचा आणि टिकलीच्या हातून पाव खायचा!

"दादा, ते पांढरं काय आहे?" टिकलीने विचारलं.

मासे! पोटं वर करून तरंगणारे, जिकडे तिकडे मासेच मासे! काठाच्या दगडाला पैलवान अडकला होता. टिकलीने पावाचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"टिकले, चल ना," एवढंच भोंगा म्हणाला. तेही अगदी हळू.

पलीकडे कापड रंगवण्याच्या कारखान्यासमोर गर्दी जमली होती. नगरपालिकेचे निरीक्षक दाराला कुलूप ठोकत होते.

"साहेब, माझ्या पाण्याने आजवर एक मासा मेला नाही हो!" कारखान्याचे मालक रंगारीकाका हात जोडून सांगत होते.

"आज शेकडो मेलेत! तुमच्या नाल्याचाच हा प्रताप!"

खारीने डोळे पुसले. "काकांच्या नाल्यात विष असेल, तर नाल्यातले मासे आधी मरायला हवेत. चला!"

तिघं कारखान्याच्या नाल्यात उतरली. पाणी निळसर, पण त्यात बोटाएवढे मासे सुळसुळ पळत होते! भोंग्याने काठावर पडलेली एक बरणी बुडवून त्यातले दोन पकडले. खारीने मात्र कालव्यात हात घातला आणि झटकन काढला.

"बर्फ आहे नुसता! काल तर कोमट होतं!"

तिने मान वर केली. केंद्राच्या धुरांड्यातून धूर येत नव्हता.

बाबांनी तिला कितीदा समजावलं होतं. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने टर्बाइनचं चाक फिरवायचं, त्यातून वीज. पण निम्म्याहून जास्त उष्णता विजेत येतच नाही. वापरलेली वाफ थंड करायला नदीचं पाणी घेतात, ते तापतं आणि कालव्यात सोडतात. वीज तयार करणारा हा यंत्रांचा संच बंद झाला, की ते कोमट पाणीही बंद. आणि संच चालवायचे कोण? बाबाच!

"काय गं? बोल ना!" भोंगा म्हणाला. खार घराकडे पळत सुटली.

बाबा बॅग भरत होते.

"बाबा, संच कधी बंद केला?"

"काल संध्याकाळी. दुरुस्तीसाठी."

"हळूहळू?"

बाबांचा हात बॅगेतच थांबला. "दोन-तीन दिवसांत थोडाथोडा बंद करायचा असतो, म्हणजे पाणी सावकाश गार होतं आणि मासे सरावतात. मी एका संध्याकाळीतच बंद केला."

"का?"

"तुला आज समुद्र दाखवायचा होता ना, बाळा."

"बाबा, सगळे मासे गारठून मेले. पैलवानसुद्धा! आणि कुलूप रंगारीकाकांच्या दाराला लावलंय!"

"सकाळी कानावर आलं होतं," बाबा खाली बघत म्हणाले. "मला शंका आली, पण मी गप्प बसलो."

"माझ्याबरोबर चला," ती रडत म्हणाली. "नाहीतर मी एकटी जाऊन सांगेन."

बाबा उठले.

गर्दीत भोंगा बरणी उंचावून ओरडत होता, "निरीक्षककाका, हे मासे याच नाल्यातले! विष प्यायल्यासारखे दिसतात का?"

निरीक्षक गोंधळले. "मग कालव्यातले कशाने मेले?"

"माझ्यामुळे," बाबा म्हणाले आणि सगळ्यांदेखत त्यांनी सगळं सांगितलं.

कुलूप निघालं. रंगारीकाकांनी तिघांना जवळ घेतलं. "शाबास, पोरांनो! तुम्ही नसता तर मी आयुष्यातून उठलो असतो!" निरीक्षकांनीही पाठ थोपटली. बातमी कळताच आलेल्या केंद्राच्या मोठ्या साहेबांनी यापुढे संच टप्प्याटप्प्यानेच बंद होईल असं सर्वांसमोर कबूल केलं आणि चौकशी संपेपर्यंत बाबांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते. खारीला त्या ऐकवत नव्हत्या.

संध्याकाळी बाबांनी काठावर खड्डा खणला. पैलवानाला त्यात ठेवलं.

"काका," टिकलीने विचारलं, "मी येईन म्हणून तो थांबला असेल का हो?"

बाबा खड्ड्याशेजारी खाली बसले. खारीने त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि तीच माती ओढू लागली.