एकट्याचं कार्ड

डॉक्टर लुंबिनी नांदेडहून सकाळच्या बसनं लातूरला उतरली, जगदेवी मॅडमच्या दवाखान्यात शिरली आणि पहिल्या पाच मिनिटांतच तिनं घोळ घातला.

मॅडम अजून यायच्या होत्या. पेशंटच्या खुर्चीत एक सावळा, उंच तरुण पोटावर हात ठेवून बसला होता. लुंबिनीला दोन मिनिटांत एक पेशंट उरकायची सवय. तो तोंड उघडायचा, की हिचा पुढचा प्रश्न तयार! जेवण वेळेवर नाही ना? चहा किती होतो? पाच वेळा त्याचं बोलणं अर्ध्यात तोडून तिनं पित्ताच्या गोळ्या लिहूनसुद्धा दिल्या.

त्यानं चिठ्ठी शांतपणे वाचली, घडी करून खिशात ठेवली.

"गोळ्या घेतो की," तो म्हणाला. "पण मला नुसती भूक लागलीय, मॅडम. मी बी तुमच्यासारखाच... शिकायला आलोय. डॉक्टर रुद्रेश, निलंग्याचा. पहिला तास पेशंटच्या खुर्चीत बसायचं, असा हितला नियम हाय."

लुंबिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघंही फॅमिली मेडिसिन शिकत होती आणि महिनाभर इथंच राहणार होती. हा दवाखाना म्हणजे लुंबिनीला रोज एक नवा धक्का होता. घरानं वर्षाचं एकदाच काय ते भरायचं, मग घरातल्या कुणीही कधीही यावं, फोन करावा. दर खेपेची फी नाही, म्हणून घाईही नाही. मॅडम एका म्हातारीशी पाऊण तास बोलल्या आणि शेवटी नवं औषध न देता जुनंच एक बंद केलं, तेव्हा तर लुंबिनी बघतच राहिली.

मॅडमचे नियम दोनच. पेशंट 'एवढंच' म्हणेपर्यंत डॉक्टरनं मध्ये बोलायचं नाही. आणि वर्षाचे पैसे भरल्यावर मिळणारं कार्ड नेहमी कुटुंबाचं. रुद्रेशनं गमतीनं स्वतःसाठी मागितलं, तर मॅडमनी साफ सांगितलं की एकट्याचं कार्ड आपण काढत नाही.

पहिला नियम लुंबिनीला काही केल्या जमेना. ती मध्ये बोलणार असं दिसलं, की शेजारी बसलेला रुद्रेश हलकेच खाकरायचा. आधी तिला राग यायचा, मग हसू. तिसऱ्या आठवड्यात तर ती त्या खाकरण्याची वाटच बघू लागली... दुपारी तो स्वतः थापलेली भाकर आणि शेंगाची चटणी तिच्याकडं सरकवायचा. ती खायची आणि बोलायची. तो ऐकायचा. तिचा जीव त्याच्यात कधी गुंतला, तिला कळलंच नाही. पण त्याचं घर लिंगायत, हिचं बौद्ध. तो काही बोलणार नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

शेवटच्या दिवशी मॅडमनी परीक्षा घेतली. लुंबिनी डॉक्टर, रुद्रेश पेशंट. मॅडम वही घेऊन बसल्या, नर्स शिल्पाही दारात येऊन थांबली. लुंबिनीनं विचारलं, काय होतंय?

"झोप न्हाई," रुद्रेश म्हणाला. "तीन आठवडे झाले. नांदेडच्या एक डॉक्टर मॅडम हायत. त्या उद्या जाणार, म्हणून..."

लुंबिनीनं तोंड उघडलं. तो खाकरला. तिनं तोंड मिटलं. कान मात्र तापले होते.

"आईला सांगितलं. आई तीन दिवस बोलली न्हाई. चौथ्या दिवशी म्हणली, पोरीला ज्वारीची भाकर जमते का? म्हणलो, मला जमते की. तवा हसली. वडील अजून बोलत न्हाईत. बोलतील का, ठाऊक न्हाई. पण निलंग्यात मी असाच दवाखाना काढणार हाय... अन् तिथं डॉक्टरच्या खुर्च्या दोन असतील."

तो थांबला, पण 'एवढंच' म्हणाला नाही. कूलर घरघरत होता. शिल्पा हातातला थर्मामीटर विसरून गेली होती. लुंबिनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं बोलणं संपायची वाट बघत बसली, आणि ते संपूच नये असंही तिला वाटत होतं.

"एवढंच," तो अखेर पुटपुटला.

आता तिची पाळी होती. तिला आई आठवली, पारूबाई. लोकांच्या शेतात खुरपून जिनं हिला डॉक्टर केलं. तिला काय सांगायचं? भीती वाटत होती. आणि उत्तर तर कधीचंच ठरलेलं होतं.

लुंबिनीनं खणातून कोरं कार्ड काढलं. पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहिलं.

"एकट्याचं कार्ड आम्ही काढत नाही," ती म्हणाली. दुसऱ्या ओळीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि कार्ड त्याच्यापुढं सरकवलं.

रुद्रेश कार्डाकडं बघतच राहिला. मग काहीतरी बोलायला गेला.

लुंबिनी हलकेच खाकरली.

"माझं संपलं नाही अजून. रविवारी नांदेडला यायचं, माझ्या आईला भेटायला," ती म्हणाली. "आणि भाकरी तुम्ही थापायच्या. एवढंच."