अंतरबोध

चंद्रपुरातल्या शीतसंकुलाचा बाहेरचा दरवाजा फक्त हिवाळ्यात उघडायचा, तोही सकाळचा थोडा वेळ. एरवीचं ऊन माणसाला सोसण्यासारखं राहिलं नव्हतं. शाळा कधीच बंद पडल्या होत्या. मुलं घरातच चित्रभिंतीसमोर बसून शिकत. समुद्र म्हणा, जंगल म्हणा, भिंतीवर हवं ते उमटायचं.

शाल्मली देवतळे एकेकाळी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. आता तिचे विद्यार्थी दोनच, नऊ वर्षांची कनका आणि चार वर्षांचा नीरद. त्या हिवाळ्यात तिने ठरवलं, आजवर कधी बाहेर न पडलेल्या मुलांचे धडे बाहेर घ्यायचे. सागाचं खरखरीत पान हातात घेऊन जे कळतं ते भिंतीवर कधी कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पहिल्या दिवशी मापनाचा धडा होता. "बाबा त्या चिंचेपर्यंत चालत जातील. आपण त्यांची पावलं मोजायची," ती म्हणाली. तिचा नवरा यदुनाथ हसत निघाला. नीरद मोठ्याने मोजू लागला. कनका मात्र गप्प होत गेली आणि एकाएकी जिवाच्या आकांताने किंचाळली.

"बाबा, थांबा! पुढे जाऊ नका! संपून जाल!"

यदुनाथ धावत परत आला. तिने त्याचे दंड, बोटं, चेहरा चाचपून पाहिला. "केवढेसे झाला होतात," ती हुंदके देत म्हणाली. "माझ्या नखाएवढे."

संकुलाच्या दृष्टिप्रयोगशाळेत डॉ. तांबोळींनी कनकाची तपासणी केली आणि तिला बाहेर बसवून आईबापांना आत बोलावलं.

"डोळे उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "तिच्यात अंतरबोध तयार झालेला नाही. जवळचं अंतर दोन डोळे मिळून सांगतात. दूरचं अंतर पायांनी शिकावं लागतं. मूल लांबच्या झाडाकडे चालत जातं, झाड मोठं होत जातं. असं शेकडो वेळा झालं की मेंदू समजून घेतो, झाड होतं तेवढंच आहे, मीच लांब होतो. कनकाने आजवर सगळ्यात लांबचं काय पाहिलंय?"

"समोरची भिंत," शाल्मली म्हणाली.

"मग तिच्यासाठी लहान दिसणं म्हणजे लहान होणंच. मेंदू हे शिकतो ते मूल सहासात वर्षांचं होईपर्यंत. नंतर नाही."

"सराव केला तरी?"

"'लांब' हा शब्द पाठ करेल. लांब म्हणून काही दिसणार नाही तिला. नीरदला मात्र अजून वेळ आहे. त्याला रोज बाहेर न्या."

शाल्मलीला हे पटेना. ती दोघांनाही रोज नेत राहिली. नीरद बियांमागे, खारींमागे पळायचा. कनका डोळे मिटून आईची ओढणी घट्ट धरायची. एके सकाळी माळावर चरणारं हरीण बघून नीरद ओरडला, "आई, ते लहान नाहीये, लांब आहे!" शाल्मलीने त्याला उचलून घेतलं. तेवढ्यात मागे कनका भडाभडा ओकली. तिने चुकून डोळे उघडले होते.

"तिला आत राहू दे आता," यदुनाथ म्हणाला. "हे शिकवणं नाही, छळ आहे."

शाल्मली तिथेच मातीत बसली.

दरवाजा बंद व्हायचे दिवस आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "नीरदचा अंतरबोध अजून कच्चा आहे. आता आत कोंडला तर पुसून जाईल." वर्षभर बाहेर राहता येईल अशी एकच वस्ती जवळपास उरली होती, चिखलदऱ्याच्या पठारावर. तिथे चहूकडे दऱ्या. कनकाला तिथे नेण्याचा प्रश्नच नव्हता. संकुलाची शीतयंत्रं यदुनाथच्या हाती, त्याला हलता येत नव्हतं. शेवटी नीरद सात वर्षांचा होईपर्यंत शाल्मलीने त्याच्याबरोबर राहायचं ठरलं. आपण लहान होत जाताना कनकाला दिसू नये म्हणून, ती भिंतीवरचे मासे बघत असताना शाल्मली मागच्या मागे निघाली.

पठारावरचे धडे छान चालले होते. ढग कुठे आहे, त्याची सावली कुठे पडलीय, हे नीरद बरोबर सांगायचा. पण हळूहळू तो संध्याकाळी कड्यापाशी जाऊन उभा राहू लागला.

"ताई त्या डोंगराच्या मागे आहे ना?"

"हो."

"त्याच्याही मागे? आणि त्याच्याही?"

"हो रे."

"मग ती खूपच लांब आहे," तो म्हणाला आणि त्या रात्री जेवला नाही. नंतर जेवण तुटतच गेलं. शीतसंकुलात असताना ताई शेजारच्या खोलीत गेली तरी तो तिला विसरून खेळायचा. आता ती किती लांब आहे हे त्याला दिसत होतं.

शाल्मलीने घरी फोन लावला. कनका रडून रडून वाळली असेल या धास्तीने आजवर ती फक्त यदुनाथशीच बोलत आली होती. पडद्यावर कनका आली. गाल भरलेले, वेणी नीट घातलेली.

"किती छोटी झालीस गं आई!" ती हसून म्हणाली. "तुला त्रास होत नाही ना तिथे?"

भिंतीवरची माणसं चित्रातली असतात हे तिला ठाऊक होतं. पण आई बाहेर गेली होती, आणि बाहेर गेलेलं माणूस लहान होतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"माझी आठवण येते का गं?" शाल्मलीने विचारलं.

"आठवण कशाला? तू तर माझ्या हातात आहेस."

यदुनाथचा आवाज मागून आला. "ती मजेत आहे, शाल्मली. तू गेल्यापासून एकदाही रडली नाही."

"एकदाही?"



"आई, मी आता खेळायला जाते," कनका म्हणाली. "तू इथेच झोप हं." तिने फोन उशीवर ठेवला आणि वरून पांघरूण घातलं. पडदा काळा झाला. तिची पावलं दुसऱ्या खोलीत गेली, पुन्हा काही ऐकू आलं नाही.

शाल्मली तो काळा पडदा धरून बसून राहिली. बाहेर कड्यावर नीरद दरीकडे तोंड करून ताईला हाका मारत होता.