सत्ताविसावं नाव

“पप्पा, शिवकन्या गावाहून कधी येणार?”

चार वर्षांच्या देविकानं दुधाच्या मिशा पुसता पुसता विचारलं आणि बजरंग सरांचा पोह्यांचा चमचा तोंडाच्या वाटेवरच थबकला... खाली उकिडवे बसून नातीच्या बुटाची नाडी बांधणाऱ्या शेषेरावांची बोटंही थांबली. सव्वीस वर्षं त्या घरात जे नाव कुणी उच्चारलं नव्हतं, ते पोरीनं दुधासारखं सहज सांडलं होतं!

“कुणी सांगितलं तुला हे नाव?”

“आमच्या हजेरीत हाय की! सगळ्यात शेवटी. रोज गावालाच असती ती.”

बजरंगचा चेहरा काळाठिक्कर पडला. “देविका, आबांना सांग, आजपासून बालवाडीत पाऊल टाकायचं न्हाई.”

आबा दोन हातांवर होते. पण बजरंगनं बापाला ‘आण्णा’ म्हणून हाक मारणं अकराव्या वर्षीच सोडलं होतं. फारच नड आली तर तो खाकरायचा. शेषेरावांनाही न ऐकू येण्याचं सोंग चांगलं साधलं होतं. दोघांच्या मध्ये सूनबाई उज्वला डाकखात्यासारखी राबायची. आजही शेषेरावांनी सोंगच घेतलं आणि नातीचं बोट धरून निघाले.

लातुरात मूल रांगायला लागलं, की शेजारी ‘डॉक्टर का इंजिनिअर?’ असं विचारतात. देविकाच्या बालवाडीतही दर शनिवारी पोरं पांढरे कोट घालून, गळ्यात प्लास्टिकची नळी अडकवून यायची आणि एकमेकांना इंजेक्शनं देऊन रडवायची. मदतीला प्रत्येक घरातून महिन्यातून एक दिवस आजी नाहीतर आजोबा यावेत, असा शिक्षिका सिंधुबाईंचा नियम होता. शेषेराव जूनमध्ये आपल्या पाळीला गेले, ते सगळ्यांच्या पाळ्या मागून घेऊन तिथंच राहिले! औश्याकडच्या रानात ज्या हातांनी उधळलेले बैल वळवले, त्यांना सव्वीस पोरांची सव्वीस नाकं पुसणं म्हणजे किरकोळ काम होतं.

पण ते नाकांसाठी जात नव्हते... ते हजेरीसाठी जात होते.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, त्यांनी बजरंगला लातूरच्या एसटीत बसवलं होतं. मामाकडे राहून शिकणारं, गणपतीला गावी आलेलं पोर, गुरुवारची चाचणी बुडायला नको. पाच वर्षांच्या शिवकन्येनं दादाचा सदरा घट्ट धरला होता. “मला बी ने!” बजरंगही रडत होता, “येऊ द्या की तिला, चार दिवसांनी सोडतो!” शेषेरावांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि एवढंच म्हणाले, “तिचं हितं काम हाय.” गुरुवारी पहाटे जमीन हादरली तेव्हा ते रानात राखणीला होते. घरात, आजीच्या कुशीत, ती होती...

काम काय होतं, हे त्यांनी बजरंगला कधीच सांगितलं नाही. त्याआधी महिनाभर मामाच्या घरून त्याचंच पोस्टकार्ड आलं होतं, “शिवीला शाळेत घाला. न्हाईतर मी दिवाळीला येणार न्हाई.” आईवेगळी पोरगी, जूनमध्ये गोवर झाला म्हणून शाळेत घालायची राहिलेली. गुरुजी ‘गुरुवारी आणा’ म्हणाले होते. पाटी आणून ठेवली होती. दिवाळीला पोरगं आलं, की बहीण पाटी नाचवत सामोरी जाईल, अशी गंमत त्या बापानं मनात योजली होती!

हे सांगितलं असतं, तर पोराचा राग उतरला असता... आणि उतरून त्याच्याच उरावर बसला असता. बापावर रागावलेलं पोर शिकतं, मोठं होतं, स्वतःचे क्लास काढतं. स्वतःवर रागावलेलं पोर जगेल का? शेषेरावांनी तो राग सव्वीस वर्षं मुकाट अंगावर वागवला होता.

ते वर्गात पोचतात न पोचतात, तोच मागून बजरंगची मोटारसायकल आली. तो दारातच कडाडला, “बाई, मेलेल्या पोरीचं नाव हजेरीत? आणि ते ज्यांनी तिला बळंच ठेवून घेतलं, त्यांच्या सांगण्यावरून?”

सव्वीस तोंडं उघडीच राहिली. सिंधुबाई गोंधळल्या. “सर, पेन्सिलीनंच लिहिलंय हो... आबा म्हणाले, तिचं नाव त्या गुरुवारी शाळेत घालायचं होतं. पाटीसुद्धा आणली होती. तेवढं राहून गेलं...”

“बाई!” शेषेराव ओरडले. पण उशीर झाला होता.

बजरंगच्या ओठांवर तो गुरुवार नुसता हलला. मग तो पोरांच्या इवल्याशा लाल खुर्चीवर बसला. “म्हणजे... माझ्या कार्डामुळं?”

“कसलं कार्ड?” शेषेराव घाईनं म्हणाले. “आपल्या गावात पोस्टमन पोळ्याला यायचा, ते बी बैल बघाया! मला कार्डबिर्ड काय मिळालं न्हाई. माझ्याच टकुऱ्यात आलं, मीच ठिवली. दोष माझा हाय. तू जा बरं क्लासला, पोरं खोळंबली असतील.”

“देवळीत, लक्ष्मीच्या फोटोमागं खोचलेलं होतं, आण्णा... मी बघितलं होतं.”

आण्णा! शेषेरावांच्या आयुष्यातलं हे एकच खोटं, आणि तेही पोरानं धरलं.  ते खाली वाकले आणि सवयीनं, हातातल्या त्याच फडक्यानं, सदतीस वर्षांच्या मुलाचं नाक पुसू लागले...

“कामून न्हाई सांगितलं, आण्णा? मी तुमाला इतकी वर्षं...”

“सांगून काय ती येणार व्हती? एक लेकरू गेलं व्हतं माझं. दुसरं राखायचं व्हतं.”

पोरं चुळबुळायला लागली. सिंधुबाईंनी डोळे टिपून हजेरी सुरू केली. सव्वीस नावं झाली आणि त्या वही मिटू लागल्या. तेव्हा बजरंगनं खिशातलं पेपर तपासायचं लाल पेन पुढं केलं.

“पेनानं लिहा, बाई. आज बी गुरुवारच हाय.”

बाईंनी अक्षरं हळूहळू गिरवली. मग वाचलं, “शिवकन्या शेषेराव.”

कुणी आलं नाही, तर का आलं नाही हे सगळ्यांनी मिळून सांगायचं, ही त्या वर्गाची रीत होती. पोरं एका सुरात ओरडली, “गावाला गेलीऽऽय!”

रोज त्या ओरडण्यात आपला आवाज मिसळणारे शेषेराव आज गप्प राहिले. पोरांच्या मागून, किंचित उशिरा, लाल खुर्चीवरून एक जाडाभरडा, फुटलेला आवाज आला होता...

“गावाला गेलीय.”