न हललेला थेंब

राजापेठेत शिकवणीच्या वर्गाच्या वर वर्षाली इंगोलेची खासगी तपासाची कचेरी होती. लग्नाआधीच्या चौकशा करून करून तिला माणसांचा कंटाळा आला होता. सोमवारी दुपारी नीलम गवई आली, तेव्हा तिसऱ्या स्थळाचा अहवाल लिहून वर्षालीचे डोळे चुरचुरत होते.

"अकोल्याच्या कॉलेजात मी संशोधन करते," नीलम म्हणाली. "काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब विजेनं चालवायचा, औषधात मिसळायचा, की सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे का ते तिथंच कळतं. परवा आश्रमशाळेतल्या मुलांची तपासणी आहे. आणि कोणीतरी पट्टी खराब केली."

"थेंब विजेनं कसा काय चालते?" देवमननं विचारलं. वर्षालीचा हा सहकारी गाडी झकास चालवायचा. विचार जरा सावकाश करायचा.

"पट्टीवर पाणी न धरणारा थर असतो. त्यावर थेंब गोल बसतो. शेजारच्या चौकोनात वीज सोडली की तिकडं ओढला जाऊन सरकतो. आज ठेवल्या ठेवल्या पसरला. थरावर साबणाचं पाणी फिरवलंय कोणीतरी. वीज देणाऱ्या डब्याचं व्होल्टेज मोजलं, ते ठीक आहे. शनिवारी पट्टीही ठीक होती."

"साबणाचं कोणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका." वर्षाली खुर्चीचा हात धरून उठली.

मूर्तिजापूर मागे टाकून देवमननं गाडी थेट अकोल्याच्या कॉलेजाच्या दारात उभी केली.

प्रयोगशाळेची किल्ली नीलमखेरीज दोघांकडेच होती. त्यांपैकी प्राध्यापक जानराव तायडे वैतागलेले होते. "रविवारी मी मोर्शीला भावाच्या संत्राबागेत होतो. पट्टी बिघडली तर माझंच नाव खराब होईल ना?"

दुसरा, नीलमचा सहसंशोधक धर्मेंद्र. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"लवकर विचारा ताई. मले दवाखान्यात जायचं हाये. भाचीले रक्त चढवून राहिले."

"काल इथं आला होतात?"

"आलो होतो. थेंब ठेवून पायला. मोत्यासारखा गोल बसला, पन करंट देल्ला तरी जागचा हलला नाही. डब्ब्यातच बिघाड हाये. नागपूरले धाडा लागते."

बाहेर देवमन कुजबुजला, "सरच असतीन. मोर्शीचं कोनं पायलं?"

"सगळ्यांना आत बोलाव," वर्षाली थकून म्हणाली.

तिघं बसल्यावर तिनं आवाज न चढवता सांगितलं, "पट्टीला साबण लावलाय. धर्मेंद्र, साबणाआधी थेंब गोल बसला असता, पण वीज दिल्यावर सरकलाही असता. साबणानंतर तो गोल बसलाच नसता. गोल बसून न हलणारा थेंब या पट्टीवर कधी नव्हताच. दोष डब्यावर जावा म्हणून तुम्ही तो रचलात. डबा नागपूरला गेला, की परवाची तपासणी बुडाली."

"मी कावून करीन असं? माहंबी काम हाये ते."

"तेच कळत नव्हतं. भाचीला रक्त चढवतायत म्हणालात; तिचं रक्त याच पट्टीवर तपासलं होतं ना?"

धर्मेंद्रचे खांदे पडले.

"तिले काही नाही म्हनलं या पट्टीनं. मंग हातपाय दुखले तरी आमी म्हनलो, वाढीचं दुखनं असन. शनिवारी ती शाळेतच पडली, अन् दवाखान्यात सिकलसेलच निंगाला." तो नीलमकडे वळला. "ताई, मी तुमाले सांगितलं, तपासनी थांबवा. तुमी म्हनल्या, एका चुकीनं काय होते."

तायडेंनी चमकून नीलमकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

मग नीलमनं आश्रमशाळेला फोन लावला.

"मॅडम, परवाचं रद्द करा. नाही, पट्टी दुसरी करता येईल. पण तिच्यावर माझाच भरवसा नाही."

फोन ठेवून तिनं स्कूटीची किल्ली उचलली. "चला धर्मेंद्र. कोणत्या दवाखान्यात आहे ती?"