पिवळ्या बोटांचं मोजमाप

पळस्प्याला शेअर रिक्षा थांबली. मनस्वी उतरली, पण तिची पिशवी काही उतरेना! आतल्या चुंबकानं रिक्षाचा लोखंडी दांडा घट्ट धरला होता. ओढून ओढून तिचे गाल लाल झाले.

"सरळ ओढू नका... बाजूला सरकवा," शेजारी बसलेला चष्मेवाला तरुण म्हणाला आणि त्यानं पिशवी दांड्यावरून हळूच घसरवत सोडवली. त्या नादात त्याचं बोट मात्र चिमटलं.

"लागलं का हो?"

"नाय... म्हणजे, नाही," तो गडबडला. "एवढं जड चुंबक घेऊन कुठे निघालात?"

"फाट्यावरच्या संशोधन केंद्रात. मी पीएचडी करते तिथं."

"मग चला की! आजपासून मीही तिथंच. मोजमापाच्या विभागात."

परतीच्या पावसाची भुरभुर सुरू होती. तरुणाचं नाव केतन, जवळच्याच कोन गावचा. दोघांत त्याची एकच छत्री होती आणि तो स्वतः अर्धा भिजत चालला होता. मनस्वीनं ते पाहिलं — आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

तिचा विषय होता हिस्टेरेसिस. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढून घेतलं, तरी पदार्थात चुंबकत्व मागे रेंगाळतं, ते. तिच्या पदार्थात दोन घटक मिसळलेले होते. एक हट्टी, सहजी दिशा न बदलणारा. दुसरा मऊ, चटकन वळणारा. दोघांचे आलेख वेगवेगळे मांडून तिनं संगणकावर त्यांची बेरीज केली होती. तिच्या आलेखाची कंबर बारीक यायची. केतननं मोजलेला आलेख मात्र भरदार, गोलसर.

महिने गेले, थंडी पडली, तरी दोन्ही जुळेनात. तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदल."

त्या शुक्रवारी ती केतनवर उखडली. "तुमच्या मोजण्यातच चूक आहे!"

त्यानं आलेखाचा कागद पुन्हा एकदा पाहिला. "असेलही. उद्या पुन्हा मोजतो."

शनिवारी दुपारी तो आला तेव्हा त्याच्या बोटांना, कानांमागे पिवळा रंग होता.

"हे काय?"

"हळद. बहिणीची आज हळद आहे ना घरी... पोरींनी मलाच आधी माखलं."

"आणि तुम्ही इथं? अहो, सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही येऊ दिलं असतं का?" मशीन सुरू करत तो हसला.

आलेख उमटला. तसाच... भरदार, गोलसर.

"चूक नाही यात," ती पुटपुटली. "चूक माझी आहे. सॉरी."

केतन घरी गेला. ती मात्र आलेखासमोर बसून राहिली. मोजमापावरचा संशय संपला होता; आता स्वतःचंच गृहीतक तपासायचं उरलं होतं. आपण दोन घटकांना अनोळखी समजून नुसती बेरीज केली... पण ते तर एकमेकांना चिकटून आहेत! हट्टी घटक मऊ घटकाला धरून ठेवत असणार. तिनं समीकरणात दोघांमधली ओढ घातली, जुळवून जुळवून पाहिली — आणि संध्याकाळी तिचा आलेख केतनच्या आलेखावर अलगद जाऊन बसला.

तिनं रिक्षा केली ती थेट कोनला.

मांडवात बेंजो दणाणत होता. केतनच्या आईनं तिला दारातच हेरलं. "तूच ना गो ती चुंबकवाली? आमचा पोरगा हलद सोरून पलाला तो तुझ्यासाठीच ना?"

मनस्वीला कुठं बघावं कळेना. तेवढ्यात केतन आला.

"जुळलं," ती म्हणाली. "तुमच्यामुळं. मी एवढं बोलले, तरी तुम्ही एका शब्दानं..."

"आभार मानायला एवढ्या लांब आलात?"

"आभारच मानायचे असते, तर फोन केला असता."

बेंजो थांबला होता. केतनचा चेहरा कानांपर्यंत तापला. "मग... मी पण एक सांगू? मोजून झालं, तरी मी तुमच्या टेबलाशी उगाच घुटमळायचो. काम काय नव्हतं मला."

"माहीत होतं."

"मग बोललात का नाय?"

"तू घुटमळणं बंद केलं असतंस तर?"

'तू' ऐकून तो ऐकतच राहिला. आईनं हळदीची वाटी पुढे केली. मनस्वीनं नवरीला हळद लावली, वाकून आईला नमस्कार केला आणि मनापासून म्हणाली, "आज तुमचा मुलगा मला दिलात, त्याबद्दल..."

"आजच्या दिवसापुरता?" केतननं हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

बेंजो पुन्हा सुरू झाला.