बाराव्या माणसाची भूक

"सकाळपासून काही खाल्लंय?" मी विचारलं.

तो दारात उभा होता, हातात नव्याने बांधलेल्या प्रबंधांचा गठ्ठा, बोटांवर वाळलेली खळ. आमच्या विभागाची पुस्तकं बांधणारा.

"नाही... का?"

"मग बसा. सगळं समजावून सांगते, पटलं तर सही करा."

माझ्या प्रयोगाला बारा माणसं हवी होती आणि बारावा ऐनवेळी पळाला होता. अडला हरी म्हणतात ना, तशी गत! अडचण एवढीच, हा हसला की गालावर खळी पडायची, आणि मी रक्ताच्या नळ्यांवरचे आकडे चुकवायची.

तीन आठवडे, दर शनिवारी एक, असे सूपचे तीन वाडगे. एकात लोणी, एकात ऑलिव्ह तेल, एकात खोबरेलातून काढलेलं हलकं तेल. लोणी किंवा ऑलिव्ह तेल आतड्यात पोचलं की एक संप्रेरक सुटतं. ते जठराला म्हणतं, दमानं घे, आणि मेंदूला कळवतं, पोट भरलं. हलक्या तेलानं ते फारसं जागं होत नाही. मी दर अर्ध्या तासाला रक्त घ्यायची. तो कागदावरच्या रेघेवर फुली मारून भूक किती ते सांगायचा. मधला वेळ... गप्पा.

"सुई टोचताना तुम्ही श्वास रोखता," तो म्हणाला.

"तुम्ही माझ्याकडे कशाला बघता? भिंतीकडे बघा."

"भिंत बोलत नाही हो."

तिसऱ्या शनिवारी, हलक्या तेलाच्या दिवशी, त्याचं पोट शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकं गुरगुरलं. फुली मात्र होती 'भूक अजिबात नाही'वर. मी जुने कागद काढले. सगळ्या फुल्या तिथेच!

"हे काय?"

त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं... भूक लागली म्हटलं की तुम्ही जेवायला घरी पाठवाल."

"चार तास ठरलेलेच असतात! भूक लागो, न लागो!"

"ते... आज कळलं."

कुणालाच कळलं नसतं. कागद तसेच ठेवले असते तर माझा प्रबंध वेळेत झाला असता. नवा माणूस शोधायचा म्हणजे तीन महिने पाण्यात, वर माझ्या मार्गदर्शक बाईंची बोलणी. मी त्या फुल्या पुन्हा एकदा मोजल्या. मग यादीतला बारावा क्रमांक खोडला.

"माझ्यामुळे तुमचं काम..." तो उठला. "मी निघतो."

"थांबा. प्रयोगातल्या माणसाला बाहेर भेटायचं नाही, असा आमचा नियम आहे. तुम्ही आता प्रयोगात नाही."

दुमडलेली बाही त्याला काही केल्या सरळ करता येईना. मी ती खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं... आणि हात तिथेच राहू दिला.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "पण आत्ता भयंकर राग आलाय. राग उतरला की नीट सांगेन."

"चालेल," तो हळूच म्हणाला, "मला घाई नाही."